दार न वाजवता

१२ सप्टेंबर
वारा नैर्ऋत्य, हलका. समुद्र तेल ओतल्यासारखा.

ही माझ्या बायकोची, एफीची वही. ती गेल्यापासून सात वर्षं खणात पडून होती. रोजचा वारा, रोजचं हवामान, कोणाकडे काय शिजलं, एवढंच ती लिहायची. शेवटची चाळीसेक पानं कोरी राहिली. कोरा कागद टाकणं आणि पाव टाकणं सारखंच पाप, असं तीच म्हणायची. मी नवव्या वर्षी होडीत बसलो तो शाळेत परत गेलोच नाही. तिशीला आल्यावर तिने मला दुकानाच्या कॅटलॉगमधल्या बुटांवर आणि कंदिलांवर बोट ठेवून अक्षरं शिकवली. तेव्हा चुका होतील त्या तिने पोटात घालाव्यात.

लिहायला बसलो कारण बोलायला कोणी नाही. ज्याच्याशी बोलतो त्याच्याचबद्दल आहे.

आज महिन्याची नर्स फेरीबोटीने आली होती. सेल्बीला तपासून झाल्यावर तिने मला धक्क्यावर बाजूला घेतलं. म्हणाली, हे तुम्हाला सांगणं नियमात बसत नाही, पण त्यांना दुसरं कोणी नाही. सेल्बीच्या दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. नवं वर्ष लागेपर्यंत त्याला रक्त धुणारं मशीन लागेल, आठवड्यातून तीनदा. मशीन हॉस्पिटलात, हॉस्पिटल खाडीपलीकडे आणि वर दोन तास रस्त्याने. आमची फेरी आठवड्यातून दोनदा, तीही समुद्राच्या मर्जीवर. इथेच राहिले तर पुढचा उन्हाळा दिसणार नाही, म्हणाली.

मग तिने एक फॉर्म दाखवला. सर्वांत जवळचा माणूस म्हणून सेल्बीने माझं नाव घातलं होतं, गार्लंड कीपिंग. शेजारी 'नातं' असा रकाना. त्यात आधी 'शेजारी' लिहिलेलं, ते खोडलेलं. मग 'भाऊ', तेही खोडलेलं. मग काहीच नाही.

परत येऊन त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. तो चहात डब्याचं दूध ओतत होता. म्हणाला, "नर्सला माझं रक्त फार आवडलं. तीन बाटल्या घेऊन गेली, पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाली."

मी हसलो. मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही.

२० सप्टेंबर
वारा पश्चिमेचा. दुपारी धुकं.

सरकारचं पत्र आलं. आमचं गाव, लँटर्न कोव्ह, रिकामं करायचं का, यावर मत घेणार. क्लेरन्स दोन वर्षं अर्ज करत होता. होकार आला तर प्रत्येक घराला पैसे, शहरात कुठेही घर घ्या. नकार आला तर राहा इथेच. सरकारी पैशाशिवाय इथून कोणी हलू शकत नाही. इथलं घर फुकट दिलं तरी घेणारा नाही.

नियम असा की दहातल्या नऊ जणांनी हो म्हणावं. आम्ही माणसंच नऊ. हिशेब करून क्लेरन्स म्हणाला, म्हणजे नऊच्या नऊ. एक जरी आडवा गेला तरी सगळं बोंबललं.

नऊ म्हणजे: मी; सेल्बी; क्लेरन्स आणि त्याची व्हायडा; पोस्ट सांभाळणारी बर्निस आणि तिचा विल्फ; हेडली आणि ब्रॅम हे दोघे बिनलग्नाचे भाऊ; आणि मेहेला मावशी, एक्याऐंशी वर्षांची. सख्खी मावशी कोणाचीच नाही, पण कोव्हमधलं शेवटचं सुईणपण तिचं, म्हणून सगळ्यांची.

सगळे क्लेरन्सच्या स्वयंपाकघरात जमलो. कोणी दार वाजवलं नाही हे सांगायला नकोच. इथे दार फक्त परका वाजवतो. पाद्री, नर्स, सरकारी माणूस. आपलं माणूस सरळ आत येतं, चुलीशेजारच्या दिवाणावर बसतं, आणि मग म्हणतं काय ते.

मेहेला मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "माझे दोन्ही मुलगे या पाण्यात आहेत. शहरात जाऊन मी कुठल्या नळाकडे बघत बसू?" क्लेरन्सचा चेहरा पडला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझंही ठरलेलं वाक्य आहे ना. एफीला टेकडीवर ठेवल्यापासून मी सात वर्षं बडबडतोय, मी इथून हललो तर पाय पुढे करूनच. दारू न पिता म्हणतो आणि पिऊनही म्हणतो. आज गप्प राहिलो.

सेल्बी म्हणाला, मत ज्याचं त्याने टाकावं, कोणी कोणाला विचारू नये, आधी नाही आणि नंतरही नाही. सगळ्यांनी मान डोलावली. शहाणपणाचंच बोलला.

घरी येताना वाटेत मी विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाला, "आत्ताच काय ठरलं, लेका? विचारायचं नाही." मग थोडं चालून, श्वास घ्यायला थांबून म्हणाला, "घरं तरंगतात, गार्लंड. कबरी तरंगत नाहीत."

२१ सप्टेंबर

त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

सेल्बी इथला नाही. तो गल बेटावरचा. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा ते बेट रिकामं केलं. लोकांनी घरांखाली पिंपं बांधली, भरती आली तशी घरं पाण्यात ढकलली आणि होड्यांनी ओढत इथे आणली. मी खडकावर उभा राहून बघत होतो. एक पांढरं घर पाण्यावरून आमच्याकडे येत होतं, आणि वरच्या खिडकीत एक पोरगा बसला होता, कपाळ काचेला लावून. ते घर आमच्या घराशेजारी लागलं. संध्याकाळी तो पोरगा दार न वाजवता आत आला आणि आमच्या दिवाणावर बसला. आई म्हणाली, बस, सूप घे. उठलाच नाही म्हणायचा तिथपासून.

त्याची आई गल बेटावर राहिली, मातीत. आम्ही दोघं दर उन्हाळ्याला होडीने जाऊन तिच्या कबरीवरचं गवत कापायचो. हात थकले तसं सुटलं. मागे एकदा दुर्बिणीतून बघून तो म्हणाला होता, आता झाडच उगवलंय, कोणती कबर ते कळत नाही.

छत्तीस वर्षं एका होडीत मासेमारी केली. आमचं बाळ तीन आठवड्यांचं होऊन गेलं तेव्हा मला पेटी उचलवेना. सेल्बीने ती काखेत धरून टेकडीवर नेली, पाव न्यावा तशी हळू. एफी रविवारी तीन ताटं मांडायची. तिसरं कोणाचं, असं कधी कोणी विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर
वारा वायव्य, बोचरा. आज मत.

सरकारी बाई फेरीने पेटी घेऊन आली. शाळेच्या खोलीत, जिथे बावीस वर्षांत पोर बसलं नाही, तिथे पडदा लावून टेबल ठेवलं.

खरं लिहितो, एफी. पेन हातात घेतलं आणि पहिल्यांदा तूच दिसलीस, टेकडीवरची. शेजारी ती वीतभर जागा. मी गेलो की तिथे कोण येणार? गवत, मग झाड. मग सेल्बीचे पाय आठवले. हल्ली त्याला बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत, तो त्या बुटात कोंबतो आणि मला म्हणतो, हीच फॅशन आहे. मी 'हो' वर खूण केली. इतकी जोरात की कागद फाटेल असं वाटलं.

बाहेर आलो तर सेल्बी भिंतीला टेकून उभा. माझ्याकडे बघून म्हणाला, "पत्ते खेळताना दिसतं तसंच तोंड झालंय तुझं." पत्त्यांत मी चाळीस वर्षं हरतोय. हातात काय आलं ते माझ्या कपाळावर छापलेलं असतं, असं तो म्हणतो. मी म्हटलं, थंडीने झालंय. "असेल," म्हणाला आणि आत गेला.

पटकन बाहेर आला. शीळ घालत.

१६ ऑक्टोबर

सेल्बी काल मत टाकून थेट टेकडीवर गेला होता, हातोडी आणि फळ्या घेऊन. एफीच्या कबरीचं कुंपण एका बाजूने कलंडलं होतं, ते सरळ करून आला. आज पांढरा रंग लावला. दोन हात. मी म्हटलं, या अवस्थेत टेकडी कशाला चढतोस? तर म्हणाला, "दहा वर्षं तरी बघायला नको."

जायच्या आधी सगळं नीट लावून जावं, हा त्याचा स्वभावच. घर सोडतानासुद्धा चूल झाडून जाईल. रंगाचा डबा मी धरला. उतरताना मेहेला मावशी भेटली, तो काल कुठे गेला होता ते तिलाही सांगितलं.

९ नोव्हेंबर
वारा आग्नेय, पाऊस आडवा.

पत्र आलं. बर्निसने पोस्टात सगळ्यांसमोर फोडलं. आठ होकार. एक नकार.

व्हायडाने शहरात घर बघून ठेवलं होतं, पडद्याचं कापडही आणलं होतं. ती खुर्चीत बसली आणि हातमोजे काढून पुन्हा घातले, पुन्हा काढले.

मेहेला मावशी पावसामुळे आली नव्हती. क्लेरन्सने सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं आणि मग खिडकीतून तिच्या घराकडे पाहिलं. बाकी सगळ्यांनीही तिकडेच पाहिलं. मीही.

सेल्बी तेवढा जमिनीकडे बघत होता. त्याच्या जिवावरच उठला होता ना तो एक कागद.

१६ नोव्हेंबर

क्लेरन्स दर शनिवारी मेहेला मावशीकडे लाकडं टाकतो. आज त्याने तिचं दार वाजवलं.

मी माझ्या खिडकीतून पाहिलं. उभा राहिला, बोटांनी तीनदा ठोकलं, वाट पाहिली. दार उघडायला तिला वेळ लागला. तिला कळलंच नसणार तो आवाज कसला. लाकडं उंबऱ्याबाहेर ठेवून तो निघाला.

संध्याकाळपर्यंत व्हायडानेही वाजवलं, मग बर्निसने. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

मीही वाजवलं.

पीठ परत द्यायचं होतं. हात आपोआप वर गेला असं म्हणणार होतो, पण इथे खोटं कशाला लिहू? वाटेतच ठरवलं होतं. तिने दार उघडलं, पीठ घेतलं, आणि म्हणाली, "तूसुद्धा, गार्लंड." रागाने नाही. वारा कुठला आहे ते सांगावं तसं.

परतताना मला बरं वाटलं. अर्ध्या वाटेवर ते बरं वाटणं उतरलं.

२ डिसेंबर
पहिला टिकणारा बर्फ.

सेल्बीशी भांडलो. पोरपणीचं एक भांडण सोडलं तर पहिलंच.

तो रोज मेहेला मावशीकडे जातो. धापा टाकत, दोनदा थांबत. सरळ आत शिरतो, तिचं पाणी भरतो, तिच्या चुलीत लाकूड घालतो. आज मी म्हटलं, जिने तुझा गळा धरला तिचंच पाणी भरतोस? त्याने पत्ते खाली ठेवले. म्हणाला, "गळा कोणी धरलेला नाही माझा."

मग माझ्या तोंडून निघून गेलं. मशीनचं, नर्सचं, सगळं. तो म्हणाला, "त्या बाईचं तोंड फेरीच्या फळीसारखं आहे. सगळं खाली सोडतं." मग म्हणाला, "तुला कळलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू माझ्या चहात साखर जास्त घालायला लागलास."

मी म्हटलं, शहरात माझ्या भाचीकडे एक खोली आहे, दोघं जाऊ, मरू दे सरकारचे पैसे. नको म्हणाला. मी एकदा तरंगलोय, एका जन्माला तेवढं पुरे. आणि तू तिथे काय करशील? दर रविवारी खिडकीत बसून हा डोंगर कुठल्या दिशेला असेल ते शोधशील?

मी म्हटलं, मी काय करीन ते माझं मी बघीन. आवाज चढला. शेवटी म्हणाला, ख्रिसमस होऊ दे. मग बघू.

जाताना दारातून वळून म्हणालो की त्या म्हातारीला मी माफ करणार नाही. सेल्बीने डोळे मिटले. दमला असेल.

२५ डिसेंबर

मीठ लावलेला कॉड, बटाटे, काकवीचा पाव. सेल्बीने दोन घास खाल्ले. मी एफीचं ताट मांडून ठेवलं.

सकाळी माझ्या पायरीवर फडक्यात गुंडाळलेला लाल बोरांचा केक होता. फडकं मेहेला मावशीचं, निळ्या टाक्यांचं. तिने दार वाजवलं नाही, आतही आली नाही. बाहेरच ठेवून गेली.

मी तो आत घेतला नाही. दुपारी समुद्रपक्ष्यांनी संपवला. सेल्बीने खिडकीतून पाहिलं आणि जेवणावरून उठला.

५ जानेवारी
वारा पूर्व. आकाश तांब्याच्या भांड्यासारखं.

त्याला आता झोपून श्वास घेता येत नाही, खुर्चीतच असतो. हो म्हणाला. भाचीला फोन केला, खोली तयार आहे. फेरी बुधवारी. दोघांची एकच बॅग भरली. त्यात पत्त्यांचा जोड ठेवला.

७ जानेवारी
वारा ईशान्य. वाढतोय.

८ जानेवारी
ईशान्य, वादळ. फेरी नाही. धक्क्याची दोन खोडं गेली.

९ जानेवारी
तसंच. बर्निसने हेलिकॉप्टर मागवलं. दोनदा निघालं, दोनदा परतलं. खाली काहीच दिसत नाही म्हणाले.

१० जानेवारी
तसंच. मेहेला मावशी हिमातून आली, कमरेला दोर बांधून, दोराचं दुसरं टोक स्वतःच्याच दारच्या खांबाला. दार न वाजवता आत आली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने त्याचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसली. तो तिला काहीतरी म्हणत होता, फार हळू. ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाळा. गप्प राहा."

तापात माणूस काय बोलेल.

११ जानेवारी

सकाळी ओहोटीबरोबर गेला. वारा त्याच्यानंतर तासाभराने पडला.

त्याआधी थोडा शुद्धीवर होता. मला म्हणाला, "मेहेलाकडे जाशील तेव्हा दार वाजवू नकोस." मी म्हटलं, बरं. मरणाऱ्या माणसाला 'बरं'च म्हणतात. मग म्हणाला, "कुंपण चांगलं झालंय ना?" मी म्हटलं, चांगलं झालंय.

आणखी लिहवत नाही.

१४ जानेवारी
वारा नाही. कडक थंडी.

जमीन दगडासारखी. आधी वर शेकोटी केली, मग हेडली आणि ब्रॅमने पहार लावली. जागा एफीच्या डाव्या हाताला, बाळाच्या पलीकडे. पेटी मी, क्लेरन्स आणि दोघा भावांनी खांद्यावर घेतली. विल्फच्या कंबरेने घात केला, नाहीतर तोही.

मेहेला मावशी कुंपणाच्या बाहेर उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांची जागा रिकामी. क्लेरन्स मुद्दाम मोठ्याने म्हणाला, हॉस्पिटलजवळ असता तर आज पत्ते कुटत बसला असता. ती ऐकत होती. काठीवरचे हात हलले नाहीत.

१७ जानेवारी

सेल्बीचं घर झाडलं. खणात मेहेला मावशीची किटली सापडली, दुरुस्तीला आणलेली. मुठीला नवी तार गुंडाळून झाली होती. नेऊन द्यायला गेलो.

दार वाजवलं. त्याने सांगितलं होतं तरी.

आतून म्हणाली, "उघडंच आहे. परका कोण आहे तिथे?"

मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि किटली पुढे केली. तिने तारेवरून बोट फिरवलं. मला काय झालं कोणास ठाऊक, मी म्हटलं, बघ, मरता मरता तुझी किटली नीट करून गेला, आणि तू त्याच्यासाठी एक खूण करू शकली नाहीस.

ती म्हणाली, "मी हो वर केली होती खूण."

मी म्हटलं, आता कशाला, मावशी.

म्हणाली, "मी सुईण आहे, गार्लंड. बाईच्या आधी तिचे पाय बघते. तुमच्या नर्सच्या आधी मी सेल्बीचे पाय पाहिले होते. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, पिठात राहतो तसा. माझे मुलगे पाण्यात आहेत, ते काही मी गेल्याने कोरडे होणार नव्हते. मी हो म्हटलं."

मग इतके दिवस गप्प का राहिलीस, असं मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मी म्हटलं असतं 'मी नव्हे', तर तुम्ही आठ जण दुसरा शोधायला बसला असता. आणि मरायला टेकलेल्या माणसाच्या दारावर थापा पडल्या असत्या. माझं काय, मला हल्ली ऐकूही कमी येतं."

मी उभाच होतो. थंडी आत जात होती. तिने किटली चुलीवर ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मत टाकून तो कुठे गेला होता ते तूच मला सांगितलंस. जाणारा माणूस कुंपण दुरुस्त करत नाही."

मग बसलो. दिवाणावर नाही, जमिनीवरच. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिने या कोव्हमधल्या निम्म्या डोक्यांवर सर्वांत आधी ठेवलेला आहे.

१८ जानेवारी

दिवसभर बसून होतो. चूल विझली ते कळलं नाही.

सात वर्षं पाय पुढे, पाय पुढे म्हणून जी बडबड केली ती एकजण मनावर घेत होता. आणि त्या दिवशी शाळेबाहेर माझं तोंड बघून त्याला कळलं असणार की मी आत काय करून आलोय. माझी पानं त्याला नेहमीच दिसायची. त्याने हुकूम टाकला आणि डाव मला देऊन गेला.

मी पाठीमागे ठेवायला निघालो होतो ते सगळं त्याच्यासाठी. तो... असो. ही वही उद्या कोणाच्याही हाती लागेल. तो एक नकार कोणाचा, हे मी इथे लिहिणार नाही.

पण तिच्या दारावरच्या थापा कशा थांबवायच्या?

१९ जानेवारी
वारा नैर्ऋत्य. गोठलेलं थोडं सैल झालं.

क्लेरन्सकडे गेलो. सरळ आत, दिवाणावर. व्हायडाने चहा ओतला. मी म्हटलं, तो नकार माझा होता.

क्लेरन्सने कप खाली ठेवला. "तुझा?"

"माझा. एफीला सोडून जाणं जमलं नाही. तुम्हाला माहीतच आहे, मी किती वर्षं म्हणतोय."

"आणि मेहेला मावशी?"

"तिने हो म्हटलं होतं. तुम्ही तिच्या दारात उभे राहून ठोकत होता तेव्हा मी बघत होतो. मीही ठोकलं."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं विश्वास बसला नाही. पण माझं तोंड बघून बसला असावा. खोटं बोलताना आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कपाळावर काही छापलं गेलं नाही. की शरमच दिसत होती आणि ती खरीच होती.

शेवटी तो म्हणाला, "सेल्बीला माहीत होतं?"

"नाही."

"त्याची पेटी तू खांद्यावर घेतलीस, गार्लंड."

मी म्हटलं, हो, घेतली.

व्हायडाने माझा कप उचलला. अर्धा भरलेला होता. मी उठलो.

घरी पोचेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. मग खिडकीतून पाहिलं. व्हायडा डोक्यावर शाल घेऊन मेहेला मावशीच्या घराकडे चालली होती, हातात पावाचं फडकं. दाराशी क्षणभर थांबली. मग कडी उघडून आत गेली.

२७ जानेवारी
वारा वायव्य. स्वच्छ.

सकाळी चूल पेटवत होतो तेव्हा दारावर थाप पडली. तीन वेळा, बोटांनी.

या घरात जन्मलो त्याला बाहत्तर वर्षं झाली. तो आवाज आतून कसा ऐकू येतो ते आज कळलं.

बर्निस होती. उंबऱ्यावरूनच पाकीट पुढे केलं, 'मिस्टर कीपिंग' म्हणाली, आणि गेली. मी तिला लहानपणी खांद्यावर बसवून खेकडे दाखवलेत. जाऊ दे. आता असंच राहील. उन्हाळ्यात फेरीने येणारे पर्यटक सगळ्यांचीच दारं वाजवतात. तेव्हा मी एकटाच नसेन.

पाकिटात सरकारी फॉर्म. सेल्बीच्या मृत्यूची नोंद. त्याचं नाव, माझं नाव, आणि शेवटी तोच रकाना. मृताशी नातं.

पेन घेऊन बसलो. चहा गार झाला.

मग कडी वाजली आणि दार उघडलं. मेहेला मावशी. बुटांना बर्फ, काठीला बर्फ. टेकडीच्या बाजूने आली होती. त्या वाटेने क्लेरन्सचं घर लागतं, त्यांनी सगळ्यांनी तिला येताना पाहिलं असणार. ती दिवाणावर बसली, सेल्बी बसायचा त्याच टोकाला, आणि म्हणाली, "चहा टाक. हा कसला कागद?"

मी वाचून दाखवला. विचारलं, इथे काय लिहू.

"रकाना केवढा आहे?"

"बोटभर."

"मग मावणार नाही," ती म्हणाली. "भाऊ लिही."

मी भाऊ लिहिलं. खोडलं नाही.